हे केंद्र कुठवर ऐकू येतं?

ऑगस्ट १९२१. मुंबईत ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या कचेरीतून संगीताचा एक खास कार्यक्रम बिनतारी यंत्रावरून प्रक्षेपित झाला. मदत टपाल-तार खात्याची होती आणि फर्माईश खुद्द गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांची. गव्हर्नर त्या वेळी मुंबईत नव्हते, पुण्यात होते. पावसाळा आला की मुंबई इलाख्याचे गव्हर्नर घाट चढून गणेशखिंडीच्या बंगल्यात मुक्कामाला येत. आज पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणून आपण ओळखतो, तीच ही वास्तू. मुंबई आणि पुणे यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत, वर पावसाळी ढग, आणि तरीही मुंबईतलं गाणं लॉइडसाहेबांनी पुण्यात ऐकलं.

भारतातल्या रेडिओचा इतिहास सांगताना हा प्रसंग बहुधा एका वाक्यात उरकला जातो. खरं तर त्याच्यापाशी थांबायला हवं. या देशात नियमित चालणारं एकही केंद्र नव्हतं, कार्यक्रमपत्रिका नव्हती, निवेदक नव्हते. त्याआधीच एक ऐकणारा घाटापलीकडे जाऊन बसला होता आणि ‘ऐकू येतंय का?’ या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडून यायचं होतं. मुंबईत यंत्रापाशी बसलेल्याला ते उत्तर स्वतःहून कळणं शक्यच नव्हतं. प्रक्षेपण करणाऱ्याचा आवाज एकदा एरियलवरून सुटला की तो कुठे गेला, कुठे विरला, कुणाच्या घरात उमटला, हे दूरवरच्या कुणीतरी कळवल्याशिवाय समजत नाही. रेडिओच्या पहिल्या शंभर वर्षांत हे कळवण्याचं काम ज्यांनी मनापासून केलं, ते म्हणजे दूरची स्टेशनं पकडणारे हौशी श्रोते.

या हौसेला जगभर ‘डीएक्सिंग’ म्हणतात. तारयंत्रावर काम करणारे लोक ‘दूरचं अंतर’ हे सांगायला ‘डीएक्स’ अशी दोन अक्षरं वापरत, तिथून हा शब्द आला. १९२०च्या दशकात अमेरिकेत या छंदाचा इतका जोर होता की काही शहरांमधली केंद्रं आठवड्यातून एक रात्र आपणहून गप्प बसत. गावातलं जोरदार स्टेशन चालू असलं की लांबचं बारीक स्टेशन त्याच्याखाली दबतं. म्हणून शिकागोत सोमवारची रात्र ‘मूक रात्र’ म्हणून पाळली जाई आणि लोक कानाला हेडफोन लावून शेकडो मैलांवरची गावं शोधत बसत. ऐकल्याचा पुरावा पाठवला की केंद्र आपलं नाव छापलेलं रंगीत तिकीट देई. अशी तिकिटं पुरवणारी एक कंपनी शिकागोतच निघाली होती, आणि ती चिकटवायला खास अल्बम मिळत.

दूरचं स्टेशन रात्रीच का लागतं, हा प्रश्न तेव्हा नुसत्या हौशींनाच पडला नव्हता. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनीने इंग्लंडच्या टोकावरून पाठवलेला संकेत अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये ऐकल्याचं जाहीर केलं, तेव्हा शास्त्रज्ञ बुचकळ्यात पडले. पृथ्वी गोल, लहरी सरळ जाणाऱ्या, मग समुद्राच्या फुगवट्याला वळसा घालून त्या गेल्या कशा? पुढच्याच वर्षी अमेरिकेत केनेली आणि इंग्लंडमध्ये हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे एकच अंदाज मांडला की वातावरणात खूप उंचावर विजेचं वहन करणारा एक थर असला पाहिजे. १९२४ मध्ये ॲपलटन यांनी प्रयोगाने तो सिद्ध केला आणि त्याबद्दल त्यांना १९४७ चं नोबेल मिळालं. कलकत्त्यात शिशिरकुमार मित्र यांनी याच आयनांबराच्या अभ्यासात आयुष्य घातलं आणि त्यांचा उच्च वातावरणावरचा ग्रंथ जगभर वापरला गेला. हौशी श्रोत्याला त्यातलं सूत्र पुरेसं असतं. दिवसा आयनांबराचा खालचा थर मीडियम वेव्ह गिळून टाकतो, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो, कधी हजारो किलोमीटर लांब उतरतात. म्हणून तर दुपारी फक्त आपल्या जिल्ह्याचं केंद्र पकडणारा रेडिओ रात्री दहा वाजता कन्नड, गुजराती, तेलुगू, उर्दू बोलू लागतो.

मुंबईकडे परत यायचं तर जून १९२३ मध्ये रेडिओ क्लब ऑफ बॉम्बेने इथे कार्यक्रम प्रक्षेपित करायला सुरुवात केली. कलकत्ता आणि मद्रासमध्येही असेच क्लब होते. सरकारच्या आधी, कंपन्यांच्या आधी, वर्गणी काढून यंत्रं जमवणाऱ्या सभासदांनी या देशात रेडिओ उभा केला, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. मग २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचं उद्घाटन झालं. ट्रान्समीटर दीड किलोवॉटचा. त्याचा भरवशाचा पल्ला साधारण तीस मैल, म्हणजे कल्याणच्या थोडं पुढे. परवान्याची फी वर्षाला दहा रुपये होती, आणि त्या काळी दहा रुपये ही लहान रक्कम नव्हती. १९२७ च्या अखेरीस देशभरात ३,५९४ परवाने होते, १९३० च्या अखेरीस ७,७१९. एवढ्या श्रोत्यांवर कंपनी कशी चालणार? मार्च १९३० मध्ये ती गुंडाळली गेली आणि महिनाभरात सरकारने केंद्रं आपल्याकडे घेतली.

कंपनी का बुडाली याची कारणं जमाखर्चात शोधली जातात आणि ती तिथे सापडतातही. पण एक कारण आकाशात होतं. इंग्लंडसारख्या लहान, थंड देशात मीडियम वेव्हचं केंद्र जसं चालतं तसं ते इथे चालत नाही. वळवाच्या दिवसांत इथे विजांचा कडकडाट मीडियम वेव्हवर इतकी खरखर उठवतो की पन्नास मैलांवरचा आवाजही तिच्यात बुडून जातो. देश अवाढव्य, गावं विखुरलेली, ट्रान्समीटर दोन. ज्याच्या घरात आवाज पोचत नाही तो परवाना कशाला काढेल?

या प्रश्नाचं उत्तर घेऊन जो माणूस भारतात आला, त्याची कहाणी मराठीत फारशी सांगितली गेलेली नाही. सेसिल गॉयडर त्याचं नाव. १८ ऑक्टोबर १९२४ ला तो अठरा वर्षांचा होता आणि लंडनच्या वायव्येला मिल हिल स्कूलमध्ये शिकत होता. शाळेतल्या बिनतारी यंत्रावर, पहाटेच्या सुमारास, त्याने न्यूझीलंडच्या ओटागो भागात मेंढ्यांच्या कुरणावर राहणाऱ्या फ्रँक बेल या हौशी माणसाशी संवाद साधला. पृथ्वीच्या जवळजवळ उलट्या टोकाला असलेल्या या दोन देशांमधला तो पहिला दुतर्फा बिनतारी संवाद होता. त्या काळी जाणकारांची समजूत अशी की दोनशे मीटरहून आखूड लहरी दूरच्या कामाला निरुपयोगी आहेत. निरुपयोगी म्हणूनच त्या हौशी लोकांना आंदण दिल्या होत्या. शाळेतला एक मुलगा आणि कुरणावरचा एक मेंढपाळ यांनी त्याच लहरींवरून अर्धी पृथ्वी ओलांडली.

हाच गॉयडर १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता झाला. लायोनेल फील्डन प्रमुख होते, आणि दोघांपुढे प्रश्न एकच होता, एवढा देश झाकायचा कसा? शहराशहरांत मीडियम वेव्हची केंद्रं उभारायला पैसा नव्हता. तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे शॉर्ट वेव्हचे, म्हणजे त्याच आखूड लहरींचे, ट्रान्समीटर बसवायचं ठरलं आणि १९३८ पर्यंत ते सुरू झाले. आवाज थोडा चढ-उताराचा, मध्येच विरणारा, पण लांबवर पोचणारा. मुंबई केंद्र आता तीस मैलांत कोंडलेलं राहिलं नाही. विदर्भात, मराठवाड्यात, कोकणाच्या टोकाला ते लागू लागलं. दूरची स्टेशनं पकडण्याच्या वेडातून आलेल्या माणसाने दूरच्या श्रोत्याचा विचार करून देशाचं जाळं आखलं, हा योगायोग नाही. केंद्राच्या इमारतीत वाढलेल्या अभियंत्यापेक्षा रात्रभर कान लावून बसलेल्या मुलाला दूरच्या माणसाची अडचण जास्त चांगली कळते.

शॉर्ट वेव्हने आणखी एक गोष्ट केली. दिल्ली आणि मुंबई ज्या पट्ट्यांवर होती, त्यांच्याच शेजारी लंडन, बर्लिन, टोकियो होते. सुई एका केसाने सरकली की सरकारची बातमी संपून शत्रूची बातमी सुरू होई. महायुद्धात याचा अर्थ फार मोठा झाला. मार्च १९४२ मध्ये बीबीसीने मराठीतून प्रसारण सुरू केलं आणि ते मधल्या एका खंडासह १९५८ पर्यंत चाललं. बीबीसीच्या पूर्व विभागात तेव्हा जॉर्ज ऑर्वेल काम करत होते आणि त्यांच्याबरोबर होत्या कोल्हापूरकडच्या वेणू चितळे. लंडनवर बॉम्ब पडत असताना तिथल्या तळघरातल्या स्टुडिओतून निघालेली मराठी वाक्यं सातारा-सांगलीच्या माजघरात उमटत होती. फेब्रुवारी १९४२ मध्ये आझाद हिंद रेडिओवरून सुभाषबाबूंचा आवाज आला, तेव्हा दारं-खिडक्या लावून, आवाज अगदी बारीक करून, लोकांनी तो ऐकला. त्या केंद्राच्या भाषांमध्ये मराठीही होती.

आणि मग मुंबईतच एक स्टेशन सुरू झालं, ज्याचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता. २७ ऑगस्ट १९४२ ला काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर बोलू लागला. बावीस वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी आणि त्यांचे साथीदार. यंत्रसामग्रीच्या मागे ‘शिकागो रेडिओ’ या मुंबईच्या कंपनीचे नानिक मोटवाणी. युद्ध सुरू होताच हौशी बिनतारीवाल्यांचे परवाने सरकारने रद्द करून यंत्रं ताब्यात घेतली होती, तरी ज्ञान कुणाच्या ताब्यात जात नाही. चौपाटी, गिरगाव, महालक्ष्मी अशा जागा बदलत जवळजवळ अडीच महिने हे केंद्र चाललं. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी छापा घातला आणि उषाबेन तुरुंगात गेल्या, त्या १९४६ मध्ये सुटल्या.

काँग्रेस रेडिओवर काय बोललं गेलं, ते आज आपल्याला शब्दशः वाचायला मिळतं, कारण पोलीस खात्याची माणसं रेडिओ लावून प्रसारणं टिपून घेत होती. वेळ, मीटर, मजकूर, आवाज स्पष्ट की अस्पष्ट, सगळ्याची नोंद. खटल्यासाठी गोळा केलेला हा कागद पुढे इतिहासकारांच्या हाती आला. ज्यांना ते स्टेशन बंद पाडायचं होतं, त्यांनीच त्याचं सर्वांत काळजीपूर्वक श्रवण केलं आणि त्याचे शब्द जपून ठेवले.

असंच लपलेलं स्टेशन पुढे गोव्यासाठी उभं राहिलं. २५ नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या जंगलातून, नंतर कॅसलरॉकहून, पोर्तुगीज आणि कोकणी भाषांत स्वातंत्र्याचा आवाज गोव्यात जाऊ लागला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी सहा वर्षं रानात राहून तो चालू ठेवला. दाट झाडी, पावसाळ्यातली ओल, जळवा, साप, एकांत. एका बाजूला पोर्तुगीज रेडिओ ऐकायचा, त्यात काय सांगितलं जातंय ते टिपायचं, आणि दुसऱ्या बाजूला त्याला उत्तर द्यायचं. कोण ऐकतंय हे कळायला मार्ग जवळजवळ नव्हता, कारण सीमेपलीकडून उघड पत्र येणं अशक्य होतं. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय विमानांनी बांबोळीचं पोर्तुगीज बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केलं आणि गोवा मुक्त झाल्याची बातमी लिबिया लोबोंनी विमानातून ध्वनिवर्धकावरून गोव्याला दिली. सहा वर्षं ज्यांच्यासाठी त्या बोलत होत्या, ते लोक त्या दिवशी खाली होते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्या शंभर वर्षांच्या होत्या.

दूरचं ऐकण्याची सवय घराघरांत नेली ती मात्र युद्धाने नाही, सिनेमाच्या गाण्यांनी.

१९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचं मनापासून प्रेम होतं आणि आकाशवाणीने त्याची जी सेवा पुढे केली, तिचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण त्यांच्या काळात चित्रपटगीतांवर आधी मर्यादा आली, मग निर्मात्यांशी वाद होऊन ती गाणी केंद्रांवरून जवळपास नाहीशी झाली. श्रोत्यांनी सुई फिरवली. कोलंबोच्या उत्तरेला एकला या गावी युद्धकाळात दोस्तांच्या फौजांसाठी उभारलेला शंभर किलोवॉटचा शॉर्ट वेव्ह ट्रान्समीटर होता, तो आता रेडिओ सिलोनकडे होता. १९५० पासून तिथे व्यापारी सेवा सुरू झाली होती. ३ डिसेंबर १९५२ ला ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि दर बुधवारी रात्री आठ वाजता मुंबई-पुण्याचे रस्ते ओस पडू लागले.

त्या आवाजाचा प्रवास मुद्दाम आठवावा असा आहे. अमीन सयानी मुंबईत बसून कार्यक्रम ध्वनिमुद्रित करत. टेप विमानाने कोलंबोला जाई. तिथून तो आवाज एरियलवरून सुटे, आयनांबराला धडके आणि अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवरून परत खाली येऊन दादर, सोलापूर, अकोल्याच्या घरांत उतरे. गिरगावातल्या श्रोत्याला आपल्याच शहरातला माणूस समुद्र ओलांडून ऐकावा लागे. कधी आवाज गडगडत वर येई, कधी अगदी गाण्याच्या मुखड्याला खोल विहिरीत गेल्यासारखा विरे. मग कुणीतरी उठून भिंतीवरची एरियल हलवी. तांब्याच्या तारेची ती जाळीदार पट्टी दोन खुंट्यांना ताणून बांधलेली असे. ज्यांची ऐपत होती ते गच्चीवर दोन बांबू रोवून तार बांधत. रेडिओ लावला की वाल्व्ह तापायला मिनिटभर लागे, मग काचेमागे पिवळसर उजेड येई, आणि मोठ्या सेटवर हिरवा डोळा मिटत-उघडत स्टेशन किती नेमकं लागलंय ते दाखवी. पंचवीस मीटर, एकतीस मीटर, एक्केचाळीस मीटर हे आकडे शाळकरी पोरांना पाढ्यांसारखे पाठ असत. या सगळ्यांनी ‘डीएक्सिंग’ हा शब्द कधी ऐकला नसेल, पण ते करत होते तेच.

त्यांची पत्रंही तीच होती. गीतमालेच्या पहिल्या कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली असं सयानी सांगत, आणि पुढे हा आकडा आठवड्याला साठ हजारांपर्यंत गेला. गाण्याची फर्माईश लिहिणारा प्रत्येक माणूस पोस्टकार्डावर नकळत एक तांत्रिक माहिती देत होता, की या गावात तुम्ही ऐकू येता. आजच्या झारखंडातलं झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव केवळ फर्माईशींमुळे देशभर माहीत झालं. केंद्राच्या नकाशावर असं एकेक गाव श्रोत्यांनी आपल्या हाताने कोरलं. आकाशवाणीनेही मग ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू केली, आणि १ नोव्हेंबर १९६७ ला जाहिरातींची सेवा सुरू झाली ती पहिल्यांदा मुंबई, पुणे, नागपूर या महाराष्ट्रातल्याच तीन केंद्रांवर.

फर्माईशीच्या या गर्दीच्या कडेला एक लहान, शांत मंडळी होती. तिला गाण्यापेक्षा स्टेशनात रस होता. अशा श्रोत्याच्या टेबलावर एक वही असे. तिच्यात तारीख, वेळ, किलोहर्ट्झ, भाषा, काय ऐकलं, आवाज कसा होता. वेळ जागतिक घड्याळाची, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. आकाशवाणीचं एखादं केंद्र पहाटे ५.२५ ला लागलं की वहीत आदल्या तारखेचे २३.५५ लिहावे लागत. आवाजाला पाच आकड्यांत गुण द्यायचे, संकेताचा जोर, शेजारच्या स्टेशनाचा त्रास, खरखर, चढ-उतार आणि शेवटी एकूण ऐकू येण्याजोगेपणा. प्रत्येकाला एक ते पाच. पाचांतले पाच म्हणजे गावातलंच केंद्र. दोन-तीनवर समाधान मानायची सवय ठेवावी लागे.

हा अहवाल केंद्राला पाठवायचा, परदेशी केंद्र असेल तर उलट टपालासाठी आंतरराष्ट्रीय कुपन जोडायचं आणि वाट पाहायची. महिन्या-दोन महिन्यांनी, कधी वर्षाने, ‘क्यूएसएल’ कार्ड येई. त्यावर केंद्राचं चित्र आणि मागे सहीशिक्क्यासह कबुली, की तुम्ही ऐकलंत ते आम्हीच. मुलाच्या नावाने मॉस्कोहून किंवा मेलबर्नहून पाकीट आलं की पोस्टमन ते हातात देण्याआधी स्वतः निरखून पाही. स्टेशन ओळखण्याच्या खुणाही पाठ असत. रेडिओ ऑस्ट्रेलियाचा हसणारा कुकाबरा पक्षी, डॉइच वेलेची बेथोव्हेनची सुरावट, आणि आपल्या आकाशवाणीची ती पहाटेची धून. युरोपातून मुंबईत आसऱ्याला आलेल्या वॉल्टर कॉफमन यांनी १९३६ मध्ये ती बांधली. देशभरातली केंद्रं तीच धून वाजवून उघडत. त्यामुळे धून ऐकू आली की श्रोता श्वास रोखून थांबे, कारण पुढच्या एका वाक्यात गावाचं नाव येणार असे. सांगली? परभणी? की इंफाळ?

आणि या मंडळींच्या बोलण्यात तरी काय असे? अमुक केंद्राने मीटर बदलला. तमुक केंद्र दोन दिवस बंद आहे, ट्रान्समीटर बिघडला असावा. रत्नागिरी सुरू झालं, संध्याकाळी कोल्हापूरपर्यंत बरं येतं. जळगावच्या पाठीमागे रात्री कुणीतरी अरबी बोलतं. बाहेरच्या माणसाला या गप्पा निरर्थक वाटतील. पण केंद्राच्या अभियंत्याला मीटरवरच्या काट्याने जे समजत नाही, ते यांच्याकडून समजे. १९४७ पासून दरवर्षी निघणारं ‘वर्ल्ड रेडिओ हँडबुक’ हे डेन्मार्कमध्ये सुरू झालेलं पुस्तक अशाच जगभरच्या नोंदींवर पोसलं गेलं. स्वीडनच्या रेडिओने १९४८ पासून या मंडळींसाठी वेगळा कार्यक्रम चालवला. आकाशवाणीच्या परदेशी इंग्रजी सेवेतही त्यांच्यासाठी सदर होतं.

पुण्याचा वाटा इथे विसरू नये. सत्तरच्या दशकात ॲडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओची आशियाची कचेरी पुण्यात होती आणि तिथे एड्रियन पीटरसन हे ऑस्ट्रेलियन गृहस्थ काम करत. त्यांनी ‘रेडिओ मॉनिटर्स इंटरनॅशनल’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. विषय एकच, कुठलं स्टेशन कुठे ऐकू आलं, कुठे नवं सुरू झालं, जुन्याचा इतिहास काय. तो तयार होई पुण्यात आणि ऐकू येई कोलंबोहून. अमीन सयानींच्या टेपचाच हा रस्ता! पुण्याहून निघालेली ही स्टेशनांची खबरबात जपान, युरोप, ऑस्ट्रेलियातले हौशी ऐकत आणि आपले अहवाल पाठवत. पुढे याच परंपरेतून ‘वेव्हस्कॅन’ हा कार्यक्रम आला. लॉइडसाहेबांनी १९२१ मध्ये ज्या शहरात बसून मुंबई ऐकली, त्याच शहरातून साठेक वर्षांनी जगभरच्या श्रोत्यांना श्रवणाच्या बातम्या जात होत्या.

महाराष्ट्राचं फार लांब पोचलेलं आणखी एक स्टेशन मात्र मुंबई-पुण्याचं नव्हे, नागपूरचं. १८ मे १९८८ ला आकाशवाणीने राष्ट्रीय वाहिनी सुरू केली. संध्याकाळपासून पहाटेपर्यंत, रात्रपाळीचे कामगार, ट्रकवाले, सीमेवरचे जवान, झोप न येणारी म्हातारी माणसं यांच्यासाठी. तिचे निवेदक दिल्लीत बसत, पण ट्रान्समीटर देशाच्या मधोमध हवा म्हणून तो नागपूरला उभारला. मीडियम वेव्हवर १५६६ किलोहर्ट्झ आणि ताकद १००० किलोवॉट. मुंबईच्या १९२७ च्या यंत्राच्या साडेसहाशे पटींहून जास्त.

एवढ्या ताकदीला सीमा कळत नाही. फिनलंडच्या उत्तरेला लॅपलंडमध्ये हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. त्या दिवसांत तिथले हौशी श्रोते शहर सोडून रानातल्या लाकडी घरांत मुक्काम करतात. विजेच्या तारा, मोटारी, दिवे यांची खरखर तिथे नसते. बर्फावरून शेकडो मीटर लांबीची एकेक तार जमिनीलगत ताणून ते एकेका दिशेला रोखतात. एक तार अमेरिकेकडे, एक जपानकडे, एक आपल्याकडे. भारतात मध्यरात्र आणि तिथे संध्याकाळ असताना १५६६ वर नागपूर तिथे पोचत असे. उणे पंचवीस अंशांत शेकोटीपाशी बसलेला माणूस हिंदी बातम्यांचा एकही शब्द न समजता वहीत नोंद करी आणि आकाशवाणीला दिल्लीला पत्र लिही. नागपुरात त्या क्षणी ट्रान्समीटरवर ड्यूटी करणाऱ्या माणसाला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं.

डिसेंबर २०१८ मध्ये ही वाहिनी बंद करण्याचा निर्णय झाला. त्याच्या आगेमागे आकाशवाणीचे शॉर्ट वेव्हचे ट्रान्समीटरही एकामागून एक थांबत गेले. कित्येक वर्षं ४८४० किलोहर्ट्झवर रात्री लागणारी मुंबई त्यातच गेली. एफएमचा आवाज स्वच्छ आहे, पण त्याच्या लहरी आयनांबराला न धडकता आरपार निघून जातात. डोंगर आला की केंद्र संपतं. महाराष्ट्रातला हौशी श्रोता आता अनेकदा नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवरून उघडतो आणि तिथल्या एरियलवर काय येतंय ते इथून ऐकतो. घरातल्या चार्जर आणि एलईडी दिव्यांच्या खरखरीतून त्याला तेवढाच मार्ग उरला आहे.

लॅपलंडमधल्या मंडळींची पद्धतही बदलली आहे. गेली पंधरा-सतरा वर्षं ते सुई फिरवत बसत नाहीत. त्यांची यंत्रं मीडियम वेव्हचा सगळा पट्टा, ५३० पासून १७०० पर्यंत, एकाच वेळी संगणकात मुद्रित करून ठेवतात आणि मग उन्हाळाभर ते एकेक मुद्रण उघडून, हव्या त्या मिनिटाला, हव्या त्या किलोहर्ट्झवर जाऊन ऐकतात. २०१८ च्या आधीच्या हिवाळ्यांत ज्या ज्या रात्री नागपूर तिथे पोचलं होतं, त्या रात्रीचं मुद्रण उघडून १५६६ वर गेलं की खरखरीतून आजही ते वर येतं.